वाटेच्या पलीकडचं गवत

माझं गाव वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटलेलं, घरं म्हणाल तर हाताच्या बोटांवर, आन् शाळा चौथीपर्यंत. पाचवीला खाली उतरून जावं लागायचं, त्याच वर्षी वडलांच्या पायावर लाकूड पडलं, मग शेरडं कुणी राखायची, तर सुदामनं राखायची. शाळा सुटली ती अशी, कुणी काढलं नाही आन् कुणी परत घातलं बी नाही. चुलते पुण्यात एका खानावळीत होते त्यांनी नेलं, तिथं आधी भांडी, मग कणीक, मग भाजी असं करत करत मी आचारी झालो. खानावळीचे मालक, त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, देवमाणूस, आजही म्हणतो, त्यांनी मला कधी ताटलीत उरलेलं खायला दिलं नाही, पंगतीला बसवलं. त्यांची मुलगी मुग्धाताई, लहान होती तेव्हापासून तिचा शाळेचा डबा मीच भरायचो, तिला भेंडी चालायची नाही, पोळीला तूप कडेपर्यंत लागायचं. ती मला सुदामदादा म्हणायची, मी तिला ताई. वयानं माझ्याहून किती लहान, पण मालकाची मुलगी, ताईच म्हणायचं.

काय सांगू तुम्हाला, मी जर्मनीला येईन असं कुणी म्हणलं असतं तर मी त्याला ताक पाजलं असतं, म्हणलं असतं ऊन लागलंय याला. पण काकांच्या ओळखीचे एक पंजाबी गृहस्थ, त्यांचं हॉटेल हितं इंगोलश्टाटला, त्यांना आचारी पाहिजे होता, आन् मुग्धाताई तोवर म्युनिकला पीएचडी करायला आलेली, फुलपाखरांवर. काकांनी शब्द टाकला. आचाऱ्याचा व्हिसा असतो, चार वर्षांचा, ज्याचं हॉटेल त्याच्याकडंच काम करायचं, दुसरीकडं नाही, आन् चार वर्षं झाली की गाशा गुंडाळायचा. काका विमानतळावर आले होते, माझ्या बायकोला म्हणाले काळजी करू नका वहिनी, तिकडं आमची मुग्धा आहे. बायकोनं त्यांच्या पायाला हात लावला, दोन्ही पोरींना लावायला लावला. ते मी विसरलो असतो तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

हितं आल्यावर पहिलं वर्ष मी भीतीतच काढलं. पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून बनियनच्या आत ठेवायचो, झोपताना उशाखाली. रस्त्यात पोलिसाची गाडी दिसली की पाय आपोआप हळू व्हायचे, काही केलेलं नसताना. मालक हसायचे, म्हणायचे ओए सुदामे, तू तो शरीफ आदमी, तुझे कौन पकडेगा. म्हणायला काय जातंय, कागद त्यांच्या हातात होते. जर्मन मी शिकलो ती किचनमधी, भांडी घासणाऱ्या नेपाळी पोराला मालक आन् मॅनेजरबाई जे ओरडायचे त्यातून. लवकर, गरम, झाकण, स्वतःच्या मनानं करू नको, न विचारता हात लावू नको. असली भाषा. नमस्कार-चमत्काराची भाषा मला पुष्कळ नंतर आली, ती शिकवली फ्राऊ लिंडनर बाईंनी. त्यांचंच सांगतो.

आमचं हॉटेल सोमवारी बंद. ताई रविवारी दुपारी फोन करायची, दादा, उद्या ऊन आहे, येता का. कारण तिच्या कामाची तऱ्हाच तशी, ऊन पाहिजे, वारा नको, ढग आला की फुलपाखरू गवतात दडून बसतं, मग मोजणार कुणाला. आमच्याकडं लोक ढगाकडं डोळे लावून बसतात, ही उन्हाकडं. मी पहाटेच्या गाडीनं म्युनिकला जायचो, तिथून ताई आन् मी दुसऱ्या गाडीनं डोंगराकडं, मग बस, मग चढ. मला पगार वगैरे काही नव्हता त्याचा, चालणार बी नव्हता, व्हिसा आचाऱ्याचा. मी जायचो ते ताईचं ओझं उचलायला, आन् खरं सांगू, डोंगर बघायला. चढाला लागलो की छातीत जी हवा शिरायची ती गावाकडची वाटायची.

काम असं, की वरच्या कुरणात ठरलेली वाट, त्या वाटेनं ताई अगदी सावकाश चालायची, नवरी मांडवात येते तशी, आन् समोरच्या टप्प्यात जे उडेल त्याचं नाव घ्यायची. मी मागनं जाळं, बाटल्या, पुस्तकं घेऊन. एखादं ओळखू आलं नाही की जाळ्यात धरायचं, पारदर्शक डबीत घालून उलटंपालटं बघायचं, आन् सोडून द्यायचं. मी म्हणलं, ताई, धरलंत ते सोडता कशाला. ती म्हणाली, सुदामदादा, मोजायचंय, खायचं नाहीये. लई हसलो आम्ही. तेव्हा हसायचो बघा.

फ्राऊ लिंडनर तिथंच भेटल्या. खालच्या गावात राहायच्या, पोस्टात नोकरी केलेली, नवरा वारलेला, मुलं लांब. ताईच्या वाटेच्या पलीकडच्या अंगाला बाकड्यापर्यंत जो गवताचा पट्टा होता तिथं एन्त्सियान नावाची निळ्या फुलांची झाडं, गुडघ्याएवढी बी नाहीत. त्यांच्या पानांवर एक निळं फुलपाखरू अंडी घालतं, खसखशीच्या दाण्याएवढी, पांढरी. आन् ह्या बाई उशी टाकून त्यावर गुडघे टेकायच्या आन् भिंग लावून ती अंडी मोजायच्या. कोणी पैसे देतंय का, नाही. कोणी सांगितलंय का, नाही. किती वर्षं करताय विचारलं तर हात नुसता मागं हलवायच्या, लई वर्षं. मला पहिल्यांदा वाटलं डोक्यावर परिणाम झालाय. मग एक दिवस त्यांनी मला भिंग दिलं, म्हणल्या बघा हेर सुदाम, आन् मी बघितलं, त्या दाण्याला बारीक नक्षी होती, कुणी सुईनं टोचून काढावी तशी. मी आपलं म्हणलं, शोन, म्हणजे छान. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी डब्यातला सफरचंदाचा केक काढला, थर्मासमधली कॉफी त्यांच्याच झाकणातून मला दिली.

मग ते दर सोमवारचं झालं. मी थालीपीठ न्यायचो, त्या केक आणायच्या. थालीपीठ त्यांना तिखट लागायचं, नाक पुसत खायच्या आन् म्हणायच्या गूट, गूट, मेलं तरी चालेल. माझ्या पोरींची नावं त्यांनी पाठ केली होती, उच्चार असा करायच्या की पोरी ऐकून पळाल्या असत्या. माझे पाय चपटे बूट घालून घसरतात हे त्यांनी बघितलं, आन् पुढच्या सोमवारी नवऱ्याचे डोंगरात घालायचे बूट घेऊन आल्या, तेल लावून, नव्या नाड्या घालून. मला थोडे मोठे होतात, पुढं मोजा कोंबतो. ह्या देशात मला कामावाचून नावानं हाक मारणारं, आन् आपल्या शेजारी बसवून खायला घालणारं तेवढं एक माणूस. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला मित्र असतात, ऑफिस असतं. मला सोमवार होता.

तर जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला, त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. ताईचे प्रोफेसर कुरण बघायला येणार होते, आन् त्यांच्याबरोबर ताईच्या कामाला मंजुरी देणारी माणसं. ताई आठवडाभर जेवली नव्हती असं तोंड झालेलं. आम्ही आदल्या गाडीनं वर गेलो. रात्रीचं दव, गवत गुडघ्यापर्यंत ओलं, आन् प्रोफेसरांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, काठी टेकत येणार. ताई म्हणाली, दादा, सर घसरले तर माझं काही खरं नाही, ही वाट जरा नीट करा ना, आपल्या बाजूला दोऱ्या लावल्यात तिकडं हात लावू नका, पलीकडचं कापा. मी म्हणलं, पलीकडचं? बाकड्यापर्यंत? ती फोनवर काहीतरी बघत होती, म्हणाली हो हो, बाकड्यापर्यंत, तिकडं आपलं काही नाहीये, बसतील तरी नीट. मी परत विचारलं, ताई, तिकडं त्या बाईंचं असतं ना काहीतरी. ती म्हणाली, दादा, त्यांचं वरती आहे हो, बाकड्याच्या वर, करा पटकन.

तिचं लक्ष नव्हतं, एवढंच. मला आजही वाटत नाही की तिनं मुद्दाम केलं. फ्राऊ लिंडनरनी कधी दोऱ्या लावल्या नाहीत, खुंट्या ठोकल्या नाहीत, त्यांना सगळं तोंडपाठ, कोणाला सांगायची गरज कधी पडली नव्हती. दोरी नाही म्हणजे कुणाचं नाही, असं आम्ही धरलं. फुलं त्या वेळी फुटली नव्हती, गवतात गवत दिसत होतं, भिंगातनं बघितलं ते एकाच झाडावर, एरवी मी बसायचो बाकड्यावर, त्या कुठून कुठपर्यंत गुडघे टेकतात ते कधी नीट बघितलं नव्हतं.

शेतकऱ्याच्या खोपटात विळा टांगलेला होता. मी कापलं. आन् नुसतं कापलं नाही, आमच्याकडं साहेब यायचा असला, तपासणीला, नाहीतर सभापती, की आम्ही काय करतो, तुम्हाला माहीत आहे, गवत काढतो, पाणी मारतो, दगडांना चुना लावून रांगेनं मांडतो. चुना कुठून आणणार, पण ओढ्यात पांढरे दगड होते, ते मी पिशवीतनं आणून वाटेच्या कडेला दोन्हीकडं मांडले. सुरेख दिसायला लागलं. ताई बी म्हणाली, वा दादा, अगदी पंधरा ऑगस्ट. मी घाम पुसत उभा राहिलो, छाती फुगवून, खोटं कशाला बोलू.

मंडळी आली. प्रोफेसर काठी टेकत बाकड्यापर्यंत गेले, टेकले, खूश. आन् मग खालनं फ्राऊ लिंडनर आल्या, बगलेत उशी. त्या थांबल्या. ओरडल्या नाहीत, काही नाही. उशी खाली ठेवली, गुडघे टेकले, कापलेल्या ढिगातून एक काडी उचलली, पान उलटं केलं, भिंग न लावताच बघितलं आन् ठेवलं, मग दुसरी उचलली. प्रोफेसर उठले, बघितलं, आन् त्यांचा चेहरा बदलला, म्हणाले हे कुणी केलं.

ताईनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. मला वाटलं आता सांगेल, की मी सांगितलं, चूक झाली, काय होईल, ओरडतील. ती जर्मनमधी बोलली, भरभर, तिला वाटलं मला कळत नाही. पण ते शब्द तर मला पहिल्या दिवसापासून येत होते, ते तर मालक त्या नेपाळी पोराला रोज ऐकवायचे. स्वतःच्या मनानं. न विचारता. गावाकडचे आहेत, त्यांना यातलं कळत नाही, चांगल्या भावनेनं केलं, असं बी म्हणाली वरनं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, मग त्या पांढऱ्या दगडांकडं बघितलं, आन् त्यांना पटलं. ते दगडच साक्षीला उभे राहिले.

फ्राऊ लिंडनर उठल्या, माझ्यासमोर आल्या. त्या माझ्याशी नेहमी सावकाश बोलायच्या, सोपे शब्द वापरून, तसंच विचारलं, हेर सुदाम, तुम्ही स्वतः? एवढंच. त्यांना खरं ऐकायचं होतं, मी नाही म्हणलं असतं तर त्यांनी मानलं असतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी ताईकडं बघितलं, ती समोरच्या डोंगराकडं बघत होती. मला विमानतळ दिसलं, काका दिसले, पोरी पायाला हात लावताना दिसल्या. मी म्हणलं, या. जर्मनमधी हो म्हणायला तेवढं एक अक्षर पुरतं.

त्यांनी मान हलवली, उशी उचलली आन् खाली गेल्या. केकचा डबा पिशवीतच होता, मला दिसत होता.

परतीच्या गाडीत ताई रडली. म्हणाली, दादा, माझी तीन वर्षं गेली असती हो, हे लोक एका चुकीवर कायमचा शिक्का मारतात, आणि तुमचं काय जाणार आहे, तुम्ही काय इथे राहणार आहात का, तुम्हाला फार तर म्हणतील की माहीत नव्हतं. मी म्हणलं, असू द्या ताई. तिनं माझा हात धरला, म्हणाली थँक्यू दादा, बाबा म्हणतात ते खरं आहे, तुमच्यासारखं माणूस मिळत नाही. मी खिडकीतनं बाहेर बघत होतो. तुमचं काय जाणार आहे. पोळीला कडेपर्यंत तूप लावलेलं मी हिच्या, आन् हिला वाटतं माझ्याकडं जाण्यासारखं काही नाही.

त्या वर्षी परत फोन आला नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात आला, ताईची मदतनीस मुलगी सोडून गेली म्हणून, दादा, उद्या ऊन आहे. गेलो. न जाऊन काय करतो. वर पोचलो तर बाकड्याच्या अलीकडं, त्या पट्ट्याच्या कडेला, एक लाकडी पाटी ठोकलेली, हातानं रंगवलेली, विळ्याचं चित्र आन् त्याच्यावर लाल फुली, आन् खाली इंग्रजीत, कापू नका. त्या डोंगरात मी इंग्रजी पाटी दुसरी कुठं बघितली नाही. तिथं येणारे सगळे जर्मन, शेतकरी जर्मन, गाया बी जर्मन. इंग्रजी कोणासाठी असणार. माझं इंग्रजी चौथीतलं, मला अक्षरं लावून लावून वाचावी लागली, आन् बाईंना वाटत होतं की ती मला येते, म्हणून माझ्या सोयीची भाषा काढली त्यांनी.

ताई पुढं गेली होती, मागं वळून बघितलं आन् हसायला लागली. म्हणाली, बघा दादा, फ्राऊ लिंडनरचं इंग्लिश, स्पेलिंग पण चुकलंय. आन् गेली पुढं, नावं घेत, जाळं मागत. मी तिथंच उभा. ती विसरली होती हो. माझ्यावर ढकललं ते मी गिळलं होतं, पण ती विसरली होती, हे काही मला गिळता आलं नाही, आजवर.

एकदा मी बाईंच्या घरी गेलो. बूट साफ करून, पिशवीत घालून. हॉटेलातल्या वेटरकडनं एक वाक्य जर्मनमधी बनवून घेतलं होतं, की मला सांगितलं म्हणून मी कापलं, विचारून कापलं. गाडीत, बसमधी, तेच घोकत गेलो. बेल वाजवली, त्यांनी दार उघडलं, पण उघडून दारातच उभ्या राहिल्या. पिशवीत बूट बघितले आन् म्हणाल्या, नाइन, नाइन, ठेवा, तुमचेच आहेत. रागानं नाही, पोस्टात खिडकीमागनं बोलतात तसं. मी म्हणलं फ्राऊ लिंडनर, मी... आन् पुढचं वाक्य तोंडाशी आलं. त्याच महिन्यात ताईची शेवटची परीक्षा होती, प्रोफेसर आन् बाई फुलपाखरंवाल्यांच्या एकाच मंडळात, आज बोललेलं उद्या तिकडं पोचणार. मी म्हणलं, दांके, म्हणजे आभार, बुटांसाठी. त्या म्हणाल्या बिट्टं, म्हणजे असू द्या. दार लागलं.

ताई डॉक्टर झाली. लग्न झालं, नवरा विमानाच्या कारखान्यात, दोघं हॅम्बर्गला असतात. परवा फोन आला होता, दादा, तुमची चार वर्षं संपली ना, जाताना बाबांना भेटा, मी पाठवलेला खाऊ न्या, आन् काही लागलं तर हक्कानं सांगा. मी म्हणलं, सगळं तुमच्यामुळंच झालं ताई. ते खरंच आहे. पोरी चांगल्या शाळेत आहेत, मोठी दहावीला बसेल, घराण्यात पहिली. हे कुणामुळं, तर काकांमुळं, ताईमुळं. तिचं चांगलं होऊ दे, तिच्या पोटी जे येईल त्याचं चांगलं होऊ दे, मी मनापासून म्हणतो. पण तिनं ते एकदा आठवावं, एवढं बी म्हणतो. दोन्ही एकाच तोंडानं म्हणतो, काय करू.

गेल्या सोमवारी ऊन होतं. कुणाचा फोन नव्हता, मीच गेलो, शेवटचं म्हणून. बसमधी खालच्या गावातली एक बाई भेटली, तिला विचारलं, ती म्हणाली फ्राऊ लिंडनरची कंबर गेली, आता वर येत नाहीत, मुलगी आपल्याकडं घेऊन जाणार म्हणते. वर गेलो. पट्टा परत भरलाय, निळी फुलं आलीत, वाकून बघितली असती पानं तर खसखस दिसली बी असती, भिंग लागत नाही एवढं, मला आता माहीत आहे. पण पाटीच्या पुढं पाय टाकवेना.

हिवाळ्यातल्या बर्फानं ती पाटी पार आडवी पडली होती, रंग उडालेला, नुसती लाल फुली राहिली होती. म्हणलं, जाऊ दे, पडली तर पडली, माझंच नाव खाली पडलं असं समजू. बाकड्यावर बसलो. थोड्या वेळानं वरनं मोठा घोळका उतरताना दिसला, पोरंबाळं, कुत्री, सगळी पसरून चाललेली. मी उठलो. पाटी उभी केली, दगड शोधायला लागलो, तर वाटेच्या कडेला गवतात अजून होते, मीच मांडलेले, पांढरे. तेच बुडाशी लावले, घट्ट, बाईंच्या नवऱ्याच्या बुटांनी ठोकून. लोक आले, पाटी बघितली, वळून पलीकडनं गेले. एकानं मला बघून हात केला, ग्र्युस गॉट म्हणाला, तिकडचं रामराम. मी बी म्हणलं.